भाऊसोंनी हलवलेला थांबा

येरळापूरच्या बाजार चौकात जोतीरामचं हॉटेल आहे आणि त्या हॉटेलातलं दारालगतचं बाकडं भाऊसो कणसेंचं. तसं कुणी लिहून दिलेलं नव्हतं. पण सकाळी कणसेवाडीकडनं बुलेटची धडधड ऐकू आली की त्या बाकड्यावर बसलेला माणूस आपणहून चहाचा कप उचलून आत सरकायचा. भाऊसो फौजेत वीसेक वर्षं ट्रक चालवून हवालदार म्हणून घरी आले होते. मिशी शाबूत होती, आवाज शाबूत होता. ऊस धाकटा भाऊ बघायचा, मुलगा शिरवळला कंपनीत होता. त्यामुळं भाऊसोंकडं वेळ भरपूर होता, आणि मतं त्याहून जास्त.

त्यातही वाहतूक हा त्यांचा खास विषय. चौकात दोन ट्रॅक्टर समोरासमोर आले की भाऊसो चहा खाली ठेवायचे.

"द्रासच्या घाटातनं शंभर गाड्यांचा ताफा नेलाय आमी. एका बाजूला दरी, एका बाजूला बर्फ. एक चाक इकडचं तिकडं न्हाई झालं. आन हितं ह्यास्नी चार फटफट्या निघंनात!"

ताफ्यात आपली गाडी मधे कुठंतरी असायची आणि पुढच्या ट्रकचा मागचा दिवा बघत जाणं एवढंच आपलं काम होतं, हे सांगायचं त्यांच्याकडनं राहून जायचं.

एके दिवशी त्यांची बुलेट चौकात एस.टी.च्या मागं अडकली. बसमधनं एक म्हातारी भाजीची टोपली घेऊन उतरत होती. आधी टोपली, मग पाय, मग पुन्हा टोपली. भाऊसोंनी हॉर्नवरचं बोट काढलं नाही. सुटका होऊन हॉटेलात पोचले, तर जोतीराम रिकामी परात पुसत होता. भजी संपलेली. येरळापूरच्या वाहतूक धोरणाचा उगम त्या भज्यांत आहे, असं भाऊसो पुढं स्वतःच सांगायचे. त्या दिवशी मात्र त्यांना तो लोकांच्या भल्याचा प्रश्न वाटला.

"ही बसच मूळ दुखणं हाय," त्यांनी जाहीर केलं. "बायपासला न्या हिला. चौक मोकळा हुतोय का न्हाई बघा."

बाकड्यावरच्या सगळ्यांनी माना डोलावल्या. सगळे दुचाकीवाले होते.

गावात 'येरळापूर विकास मंच' नावाचा व्हॉट्सॲप ग्रुप होता. भाऊसोंनी त्यावर अभ्यास सुरू केला. अभ्यास म्हणजे एक व्हिडिओ, तोही निम्मा, कारण मंगलताईंनी जेवायला हाक मारली. मग त्यांनी एक चकाचक फोटो टाकला आणि खाली लिहिलं, 'सिंगापूरचा बस स्टँड. शहराबाहेर. शिका काहीतरी.' पन्नास अंगठे आले. तो फोटो बस स्टँडचा नव्हताच, कुठल्यातरी विमानतळाचा होता, हे भाऊसोंना फार उशिरा कळलं. ग्रुपवरच्या बाकीच्यांना अजूनही कळलेलं नाही.

नगरपालिकेनं हरकती आणि सूचना मागवल्या. सभागृहात भाऊसो असे काही बोलले की मागच्या खुर्च्यांवरची डुलकी घेणारी माणसंसुद्धा टाळ्या वाजवायला उठली. "दहा मिनिटं चालायला काय हुतंय? आमी पाठीवर सामान घिऊन डोंगर चढलोय!" एवढं म्हणून ते खाली बसले, आणि महिन्याभरात थांबा चौकातनं उठून बायपासला गेला. तिथं मंचानं मोठा फ्लेक्स लावला. 'बाजार चौकाने घेतला मोकळा श्वास! माजी सैनिक मा. भाऊसो कणसे यांच्या अथक प्रयत्नांना यश.' फोटो त्यांच्या ऐन उमेदीतला होता. वर्दी, काळीभोर मिशी, नजर लांब कुठंतरी.

भाऊसो बुलेटवरनं जाता-येता तो फ्लेक्स बघायचे. थांबा बघायचं त्यांच्या लक्षात आलं नाही.

मग उजव्या डोळ्यात मोतीबिंदू निघाला. सांगलीला ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी काळा चष्मा दिला आणि बजावलं, महिनाभर गाडी चालवायची नाही, धुळीत जायचं नाही, केसांना-मिशीला कलप लावायचा नाही. पहिल्या दोन गोष्टी भाऊसोंनी मुकाट्यानं ऐकल्या. तिसरी ऐकून त्यांचा चेहरा पडला. आठ-दहा दिवसांत मिशी पांढरी झाली, गालावर दाढीची खुंटं आली, आणि आरशातला माणूस भाऊसोंना आपल्या चुलत्यासारखा दिसायला लागला.

घरात बसून माणूस किती बसणार? मंगलताईंच्या स्वयंपाकात त्यांनी सुधारणा सुचवायला घेतल्यावर मंगलताईंनी पिशवी त्यांच्या हातात दिली.

"आवं, बाजारात जाऊन या जरा."

"कशावर जाऊ? गाडी बंद हाय न्हवं?"

"यष्टीनं जावा की. थांबा तुमीच हलवलाय. कसा दिसतोय ते तरी बघून या."

गावच्या एस.टी.त भाऊसो कितीतरी वर्षांनी चढत होते. कंडक्टरनं विचारलं, "कुठं, काका?"

"बाजार चौक."

"चौकात जात न्हाई आता. बायपासला उतरावं लागंल. कुण्या मिलिट्रीवाल्याच्या डोक्यात आलं आन झालं."

"व्हय का?" भाऊसो म्हणाले, आणि तिकिटावरची अक्षरं डोळ्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाला शोभणार नाही इतक्या बारकाईनं वाचत बसले.

बायपासला बस त्यांना उतरवून निघून गेली. धूळ बसल्यावर भाऊसोंनी थांबा शोधला. तारेनं बांधलेला एक पत्रा होता, तोच थांबा. शेड नव्हती, बाकडं नव्हतं, झाड नव्हतं. सावली एकच होती, ती भाऊसोंच्या फ्लेक्सची. त्या सावलीत सात-आठ बायका आणि दोन म्हातारे एकमेकांना खेटून उभे होते. भाऊसोही जाऊन स्वतःच्या फोटोखाली उभे राहिले. ऊस भरलेले ट्रॅक्टर एकामागं एक धडधडत जात होते आणि रस्ता ओलांडायला फट मिळेपर्यंत सगळ्यांना असंच थांबावं लागत होतं.

शेजारी एक म्हातारी टोपलीवर हात ठेवून बसली होती. वांग्यांवर ओलं फडकं होतं. तिचं नाव बनुबाई. तिनं वर बघून फ्लेक्सकडं बोट केलं.

"ह्यो बघ. ह्यो मुडदा. ह्याच्यामुळं समदं झालं."

भाऊसोंनी मान वर केली. वरचा भाऊसो लांब कुठंतरी बघत होता.

"लय शाना दिसतोय," खालचे भाऊसो म्हणाले.

"शाना कसला! कवा टोपली घिऊन चाललाय व्हय त्यो?"

"मिशीवरनंच कळतंय की. नुसता डौल." एकदा सुरुवात झाल्यावर भाऊसोंना आवरेना. इतक्या वर्षांत या माणसाबद्दल मनातलं बोलायची संधी कुणी दिली नव्हती. "असली माणसं बाकड्यावर बसून नुसत्या बाता मारत्यात. घरात बी कोण इचारत नसंल."

"बायकू शानी असंल बिचारी," बनुबाई म्हणाली.

"ती मातूर हाय," भाऊसो म्हणून गेले, आणि जीभ चावली. पण तेवढ्यात ट्रॅक्टरांच्या रांगेत फट पडली आणि सगळ्यांची पळापळ झाली.

भाऊसो एक पाऊल पुढं गेले आणि मागं आले. काळ्या चष्म्यातनं कुठली गाडी किती लांब आहे ते कळेना. पुन्हा पुढं, पुन्हा मागं. द्रासचा घाट चढलेला माणूस येरळापूरच्या बायपासला कडेला चिकटून उभा राहिला. तेवढ्यात ओढणी सावरत एक पोरगी परत आली. ही महेजबीन मुलाणी, बाजारातल्या दुकानात पिको-फॉलचं काम करायची.

"काका, हात द्या. माझ्याकडं बघून चला, गाड्यांकडं बघू नका."

तिनं त्यांना हाताला धरून पलीकडं नेलं, अगदी शाळेत पोचवायला न्यावं तसं.

बायपासपासून चौकापर्यंतचा रस्ता दहा मिनिटांचा होता, पण तो बुलेटवरच्या माणसानं मोजलेला. पाय मोजायला लागल्यावर तो संपेना. महेजबीन सांगत होती, पूर्वी बस दुकानासमोर थांबायची. आता वेळेवर पोचायचं तर आधीची बस धरावी लागते, आणि त्या वेळेला घरी नळाला पाणी येतं. पाणी भरावं तर मालक बोलतो, मालकाला सांभाळावं तर घरात पाणी नाही.

"मग सांगायचं की नगरपालिकेला," भाऊसो म्हणाले. "हरकती मागवल्या हुत्या न्हवं?"

"कवा?" महेजबीननं विचारलं. तिला खरंच माहीत नव्हतं.

भाऊसोंनी ग्रुपचं नाव घेतलं. ती त्या ग्रुपवर नव्हती. बनुबाईकडं तर फोनच नव्हता. वांग्याची टोपली डोक्यावर घेऊन बनुबाई त्यांच्या पुढं चालत होती आणि दर खांबाला थांबून फ्लेक्सवरच्या माणसाची नवी खोड काढत होती. भाऊसो प्रत्येक वेळी दुजोरा देत होते. काही गोष्टी तिला सुचल्या नव्हत्या, त्या त्यांनी स्वतः पुरवल्या.

चौकात पोचले तर तिथं आधीसारखीच कोंडी. बस नव्हती, पण बस जिथं उभी राहायची ती सगळी जागा दुचाक्यांनी गच्च भरली होती, आणि त्यांच्या पलीकडं दोन चारचाक्या आडव्या लागल्या होत्या. भाऊसो तसेच बघत राहिले. हॉर्न तेच, शिव्या त्याच.

हॉटेलच्या दारातनं जोतीराम ओरडला, "या या, हवालदार! डोळा कसा हाय? तुमची बुलेट न्हाई तर चौक जरा मोकळा वाटतोय बघा!"

बनुबाई थबकली. टोपली खाली ठेवून ती सावकाश वळली.

"हवालदार? काढ त्यो चष्मा."

भाऊसोंनी चष्मा काढला. उन्हानं डोळ्यात पाणी आलं.

"तूच व्हय रं त्यो?"

"व्हय, आज्जी."

"मग वाटभर सोताला शिव्या घालत आलास?"

"तुमी एकट्याच घालत हुता. म्या गप कसा ऱ्हाणार?"

महेजबीननं ओढणी तोंडात कोंबली, तरी हसू बाहेर आलंच. बनुबाई हसली नाही. तिनं टोपली उचलली आणि भाऊसोंच्या हातात दिली.

"धर. मंडईपातूर चल."

सगळ्या चौकाच्या देखत माजी सैनिक मा. भाऊसो कणसे वांग्याची टोपली घेऊन मंडईपर्यंत गेले. जड होती. बसमधनं उतरताना एवढा वेळ का लागतो, ते त्यांना पायऱ्या नसतानाही कळलं.

त्याच दुपारी त्यांनी ग्रुपवर लिहिलं, 'बसचा थांबा परत चौकात आणावा. माझं चुकलं. गर्दी बसमुळं नव्हती, आपल्या गाड्यांमुळं होती.'

त्यांना वाटलं होतं, लोक विचार करतील. लोकांनी विचार सोडून बाकी सगळं केलं. एकानं विचारलं, हवालदारांना कुणी फितवलं? एकानं लिहिलं, बस हे मागासलेपणाचं लक्षण आहे, प्रगत देशात बसच नसते. पुण्याला नोकरी करणारा गावचा राजवर्धन, जो दिवाळीशिवाय गावात दिसायचा नाही, त्यानं लांबलचक लेख टाकला की येरळापूरनं आता थांब्याच्या पलीकडं जाऊन लाइट मेट्रोचा विचार करावा. येरळापूर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बुलेटवरनं गेलं तर विडी संपत नाही. तरी त्या लेखाला सत्तर अंगठे आले. नकाशावर मेट्रोचं स्टेशन कुणाच्या दारात येणार यावरनं दोघांची भांडणंही लागली.

भाऊसो एकेकाला उत्तर देत बसले. बसमध्ये बसून बघा, म्हणाले. कुणी ऐकेना. मग कुणीतरी एक जुना मेसेज शोधून काढून त्यांच्या तोंडावर मारला. 'बसमधून उतरणाऱ्यांना दहा मिनिटं चालायला काय होतं? लोकांना फुकटची सवय लागली आहे.' भाऊसोंचं रक्त तापलं. कोण हा दीडशहाणा, म्हणून त्यांनी वरचं नाव बघितलं, आणि फोन उशीखाली सरकवला.

"काय झालं?" मंगलताईंनी विचारलं.

"एका माणसाशी भांडायचं हुतं. पर त्यो म्याच निघालो."

पुढच्या आठवड्यात ते नगरपालिकेत गेले. मुख्याधिकारी भला माणूस होता. त्यानं चहा मागवला आणि फाईल काढली. "हवालदार, जनतेच्या मागणीवरून थांबा हलवलाय. निवेदनावर पहिली सही तुमचीच आहे."

"जनता म्हंजे कोण कोण हुतं, सायेब? हॉटेलातलीच आमी माणसं."

"फेरविचारासाठी सुनावणी ठेवू. सोमवारी, अकरा वाजता."

भाऊसो आनंदानं महेजबीनच्या दुकानात सांगायला गेले. तिनं मशीनवरनं मान वर केली नाही. "काका, सोमवारी अकराला मी हितं असती. बनुआज्जी मंडईत असती. कॉलेजची पोरं कॉलेजात असत्यात. बसनं येणारं कोण येणार?"

"म्या येतो की."

सोमवारी भाऊसो बसनंच निघाले. नाहीतर लोक म्हणतील, स्वतः कुणाच्या तरी गाडीवरनं येतो आणि आम्हाला शिकवतो. बस उशिरा आली. बायपासला ट्रॅक्टरांची रांग संपेना. त्या दिवशी हाताला धरायला कुणी नव्हतं, म्हणून एका शेळीवाल्याच्या शेळ्यांबरोबर ते पलीकडं गेले. घामाघूम होऊन सभागृहात शिरले, तेव्हा लोक उठून बाहेर पडत होते आणि कारकून लिहीत होता, 'फेरविचाराच्या बाजूने कोणीही उपस्थित नाही. थांबा कायम.'

"आवं, म्या हाय न्हवं!"

"वेळ संपली, हवालदार. जरा लवकर निघायचं," एकजण म्हणाला आणि खिशातनं गाडीची किल्ली काढली.

भाऊसो रिकाम्या सभागृहात खुर्चीवर बसले. राग यायला हवा होता. पण हसू यायला लागलं, आणि ते आवरेना. बस थांब्यामुळं उशीर झाला म्हणून बस थांब्याची सुनावणी हुकली होती. आणि ज्या भाषणानं हे सगळं झालं, ते याच खोलीत, याच खुर्च्यांसमोर झालं होतं. टाळ्यांसकट.

शेवटी ते डेपोत गेले. तिथल्या मॅनेजरबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. "चौकात बस थांबवायला आमची हरकत नाही," त्या म्हणाल्या. "निदान संध्याकाळच्या फेरीला विनंती थांबा देता येईल. पण ड्रायव्हरला गाडी कडेला घ्यायला जागा तर हवी. तिथं दुचाक्या असतात. जागा मोकळी ठेवायची जबाबदारी कोण घेणार?"

आयुष्यात पहिल्यांदाच भाऊसोंना वाहतुकीच्या प्रश्नावर कुणी मत न विचारता काम विचारलं होतं.

"म्या घेतो," ते म्हणाले, आणि बाहेर आल्यावर आपण काय बोलून बसलो याची त्यांना धास्ती वाटली.

दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळी बसच्या वेळेआधी भाऊसो चौकात शिट्टी घेऊन उभे राहायला लागले. काळा चष्मा, पांढरी मिशी, गळ्यात शिट्टी. पहिल्यांदा त्यांना बाकड्यावरच्याच सोबत्यांच्या गाड्या हलवाव्या लागल्या. "दोन मिनिटंच लावलीया, भाऊसो," प्रत्येकजण म्हणायचा. हे वाक्य भाऊसोंना तोंडपाठ होतं, कारण वर्षानुवर्षं ते त्यांचंच होतं. कुणी वाकडं बोललं, कुणी व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं होतं, 'येडा हवालदार.' भाऊसोंनी त्याला अंगठा दिला.

पण जागा मोकळी राहायला लागली. बस यायची, कडेला लागायची, आणि पाच मिनिटांत भरून निघून जायची. चौक तुंबायचा नाही. जोतीराम दारातनं बघायचा आणि भाऊसोंसाठी भजी बाजूला काढून ठेवायचा. सकाळची फेरी अजून बायपासलाच थांबते. त्यासाठी नवीन सुनावणी आहे, म्हणतात. उड्डाणपुलाचीही काहीतरी चर्चा चालू आहे.

महिना भरला, डॉक्टरांनी बुलेट चालवायला परवानगी दिली, कलपालाही हरकत घेतली नाही. भाऊसो बुलेटवरनं आले आणि ती चौकात न लावता लांब शाळेच्या मैदानाला लावून चालत आले. कलपाचं मात्र त्यांच्या मनातनंच गेलं.

मधे एकदा थंडीतापानं ते तीन-चार दिवस अंथरुणात होते. बरे होऊन चौकात आले, तेव्हा मनात धाकधूक होती की सगळं मुसळ केरात गेलं असणार. तर लांबूनच शिट्टी ऐकू आली. त्यांच्यापेक्षा जोरात. महेजबीन रस्त्याच्या मधोमध उभी होती. दुकानातली मापाची टेप अजून गळ्यातच होती, आणि एका बुलडोझरएवढ्या माणसाची गाडी ती हातवारे करून मागं घ्यायला लावत होती. बनुबाई कडेला रिकाम्या टोपलीवर बसून तिला कुठली गाडी राहिली ते ओरडून सांगत होती.

भाऊसोंना भरून आलं. ते कौतुकानं बघत पुढं आले, आणि आता आपण दोन शब्द बोलावेत म्हणून त्यांनी घसा साफ केला.

महेजबीननं तोंडातली शिट्टी काढली.

"काका, बाजूला व्हा की! गाडी येतीया, आन तुमी मधीच उभं ऱ्हायलाय!"